मूठमातीचा हक्क

समलिंगी ख्रिस्ती माणसाबद्दल त्याच्या चर्चला खरोखर काय वाटतं, ते प्रवचनं ऐकून कळणं कठीण. प्रवचनात सगळ्यांवरच प्रेम असतं. खरी परीक्षा होते तो माणूस गेल्यावर. त्याची शवपेटी चर्चच्या दारातून आत येते का, त्याच्या मिस्साला फादर उभे राहतात का, आणि कबरीपाशी पहिली मूठभर माती टाकायला कुणाला पुढे बोलावतात, एवढं पाहिलं की पुरे.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराची ही परीक्षा २४ जून १९७३च्या रविवारी झाली. 'अपस्टेअर्स लाउंज' हा जिना चढून जायचा समलिंगी लोकांचा एक बार होता. संध्याकाळी त्या जिन्यात कुणीतरी लायटरचं इंधन ओतून आग लावली. वीस मिनिटांच्या आत सगळं आटोपलं आणि मृतांचा आकडा ३२ झाला. मेलेल्यांत मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चची बरीच मंडळी होती. समलिंगी असल्यामुळे ज्याला स्वतःच्या चर्चमधून बाहेर पडावं लागलं, त्या ट्रॉय पेरी नावाच्या पाळकाने १९६८मध्ये लॉस एंजेलिसजवळ आपल्या घरात बारा जणांना जमवून हे चर्च सुरू केलं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या मंडळींना हक्काची जागा नव्हती, तेव्हा त्यांची उपासना काही काळ याच बारमध्ये होत असे. आगीत त्यांचे पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून जळाले. त्यांचा देह कित्येक तास खालच्या रस्त्यावरून दिसत तसाच राहिला. सहायक पाळक मिच मिचेल सुखरूप बाहेर पडले होते. जोडीदार आतच राहिल्याचं लक्षात येताच ते मागे फिरले. दोघांचे देह एकत्र सापडले.

पुढचं जास्त बोचरं आहे. शहरातल्या एकामागून एक चर्चने प्रार्थनासभेला नकार दिला. लार्सन यांच्या आईने मुलाची रक्षा घेतली नाही. सेंट जॉर्ज चर्चचे एपिस्कोपल पाळक विल्यम रिचर्डसन यांनी छोटीशी प्रार्थना घेतली, तर त्यांच्याकडे संतापाच्या पत्रांचा ढीग आला आणि बिशपने कानउघाडणी केली ती वेगळीच. अखेर १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये मोठी सभा झाली. बाहेर टीव्हीचे कॅमेरे लागले होते. त्या काळात असा चेहरा टीव्हीवर दिसला की दुसऱ्या दिवशी नोकरी गेलीच म्हणून समजायचं. ज्यांना ओळख लपवायची असेल त्यांनी मागच्या दाराने जावं, असं सांगण्यात आलं. मागच्या दाराने कुणीही गेलं नाही.

त्या वेळी गप्प राहिल्याबद्दल तिथल्या कॅथलिक आर्चबिशपांनी खेद व्यक्त केला, पण तो २०१३ साली. चाळीस वर्षांनी.

हा जुना काळ म्हणून सोडून द्यावा, तर पुढच्या तारखा आड येतात. सॅन दिएगोच्या बिशपने २००५मध्ये एका तरुणाचा अंत्यविधी कॅथलिक चर्चमध्ये करायला मनाई केली, कारण तो गे नाइटक्लबचा मालक होता. ओरड झाल्यावर त्याच बिशपने कुटुंबाची माफी मागितली. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डचे बिशप थॉमस पॅप्रॉकी यांनी २०१७मध्ये लेखी आदेशच काढला, की समलिंगी विवाहात असलेल्यांनी मरण्यापूर्वी पश्चात्तापाची खूण दिली नसेल, तर त्यांना चर्चचा अंत्यविधी मिळणार नाही.

उघड पापी माणसाला अंत्यविधी नाकारण्याची तरतूद कॅनन कायद्यात आहे, हे खरं. पण ती वापरली कुणाविरुद्ध जाते, हेही पाहावं. गावात मटक्याचा धंदा चालवणारा, दारू पिऊन बायकोला मारणारा, भावाची जमीन लाटणारा, असे सगळे चर्चमधूनच दफनभूमीत जातात आणि त्यांच्या घरच्यांकडे पश्चात्तापाची पावती कुणी मागत नाही. पावती मागायची वेळ एकाच प्रकारच्या माणसावर येत असेल, तर तो कायदा राहत नाही. तो आकस झाला.

युगांडाच्या डेव्हिड काटो यांच्या वाट्याला तर अंत्यविधी मिळून विटंबना आली. पेशाने शिक्षक असलेले काटो तिथल्या समलिंगी चळवळीतलं ओळखीचं नाव होते. एका साप्ताहिकाने २०१०मध्ये समलिंगी लोकांची नावं आणि फोटो छापून त्यांना फाशी द्या असं लिहिलं, तेव्हा काटो आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले आणि जिंकले. त्या निकालानंतर काही आठवड्यांतच, २६ जानेवारी २०११ रोजी, त्यांच्या घरात हातोडीने वार करून त्यांचा खून झाला. खुनामागच्या कारणाबद्दल पुढे वाद राहिला. अंत्ययात्रेत जे झालं त्याबद्दल मात्र वाद नाही, कारण ते सगळ्या जगाच्या वार्ताहरांसमोर झालं. विधीसाठी आलेल्या अँग्लिकन पाळकाने शवपेटीसमोर उभं राहून समलिंगी लोकांवरच तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. मित्रांनी त्याच्या हातून माइक काढून घेतला. गावकऱ्यांनी पेटीला खांदा द्यायला नकार दिला, म्हणून मित्रांनीच ती उचलली. शेवटची प्रार्थना म्हटली ती ख्रिस्तोफर सेन्योंजो या निवृत्त बिशपने. समलिंगी लोकांची बाजू घेतल्यामुळेच त्यांच्या चर्चने त्यांना आधीच दूर केलेलं होतं.

मॅथ्यू शेपर्डच्या आईवडिलांना तर मुलाची रक्षा वीस वर्षं स्वतःकडे ठेवावी लागली. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या या २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला ऑक्टोबर १९९८मध्ये कुंपणाला बांधून मारहाण झाली आणि त्यात तो गेला. तो चर्चमध्ये वेदीसेवक म्हणून काम केलेला मुलगा होता. अंत्यविधीच्या दिवशी एका कट्टर चर्चची माणसं तो नरकात गेल्याचे फलक घेऊन बाहेर उभी होती. कबर बांधली तर तिची विटंबना होईल, ही आईवडिलांची भीती अनाठायी नव्हती. शेवटी २६ ऑक्टोबर २०१८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये त्याची रक्षा ठेवली गेली. विधी चालवणाऱ्यांत होते जीन रॉबिन्सन, अँग्लिकन परिवारात उघडपणे समलिंगी म्हणून निवडून आलेले पहिले बिशप. २००३मध्ये स्वतःच्या दीक्षाविधीला ते झग्याच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले होते.

याच्या उलट टोकाला फादर मायकल जज. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू. एड्सच्या रुग्णांना हात लावायला लोक कचरत होते त्या वर्षांत ते त्यांच्या खाटांपाशी बसत. ११ सप्टेंबर २००१ला जुळ्या मनोऱ्यांपाशी ते गेले, आणि त्या हल्ल्यातल्या मृतांच्या अधिकृत यादीत त्यांचा क्रमांक पहिला लागला. जवानांनी त्यांचा देह जवळच्या चर्चमध्ये नेऊन वेदीसमोर ठेवला. अंत्यविधी खुद्द कार्डिनलनी केला आणि माजी अध्यक्ष बिल क्लिंटनही आले. जज समलिंगी होते. ब्रह्मचर्याचं व्रत त्यांनी पाळलं, पण आपण कोण आहोत हे अग्निशमन दलाच्या आयुक्तांसह जवळच्या काही जणांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. बहुतेकांना ते कळलं मृत्यूनंतर. म्हणजे चर्चने एका समलिंगी माणसाला सर्वोच्च मान दिला, फक्त तो तसा आहे हे मोठ्याने बोललं गेलं नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक समलिंगी ख्रिस्ती पुरुषांपुढे आजही हाच सौदा आहे: गायनवृंदात गा, नाताळचा गोठा सजव, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकव, आणि तोंड बंद ठेव.

भारतात सौदा मोडूनही मान मिळवल्याचं ठळक उदाहरण गोव्याचं आहे. फॅशन डिझायनर वेंडल रॉड्रिक्स कॅथलिक होते, समलिंगी होते आणि दोन्ही गोष्टी त्यांनी कधी दडवल्या नाहीत. फ्रेंच जोडीदाराशी त्यांनी फ्रान्सच्या कायद्यानुसार २००२मध्ये नातं नोंदवलं. कुणबी साडीला त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, २०१४मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२०मध्ये ते गेले, तेव्हा कोलवाळच्या त्यांच्या गावच्याच चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि तिथेच त्यांना माती मिळाली. गोव्याच्या चर्चने हे केलं, याची नोंद घेतली पाहिजे. पण पद्मश्री मिळालेल्या माणसासाठी उघडणारं दार वसईतल्या रिक्षाचालकासाठी किंवा श्रीरामपूरकडच्या शेतमजुरासाठी तितक्याच सहज उघडेल, असं म्हणायला मन धजत नाही.

कारण भारतीय चर्चचा एक आवाज कधीच नव्हता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये काढली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात धावून गेलेल्यांत अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या संस्था होत्या. म्हणजे इंग्रजांनी १८६०मध्ये घातलेला कायदा टिकवायला भारतीय ख्रिस्ती वकीलपत्र घेऊन उभे राहिले. डिसेंबर २०१३मध्ये ते जिंकलेही. त्याच वेळी मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितलं, की समलिंगी माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही. नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया तर लैंगिक विविधतेवर चर्चासत्रं घेत आली आहे. समलिंगी ख्रिस्ती माणसाला प्रश्न पडतो तो असा, की यातलं माझं चर्च कोणतं? आणि तो या प्रश्नासह समलिंगी मित्रांच्या बैठकीत गेला, तर तिथे त्याला विचारतात, "अजून चर्चमध्ये जातोस? कशाला?"

समलैंगिकता हे पाश्चात्त्य खूळ आहे, असं काही पाळक अजून व्यासपीठावरून सांगतात, तेव्हा तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. ज्या समाजाला उठता-बसता तुमचा धर्मच परका आहे असं ऐकवलं जातं, त्याने ही शिवी आपल्याच मुलाला द्यावी? माती नाकारली जाण्याचं दुःखही या समाजाला कुणी शिकवायला नको. जानेवारी २०२५मध्ये बस्तरमधल्या छिंदवाडा गावात एका ख्रिस्ती पाळकाचं दफन गावकऱ्यांनी अडवलं. देह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश निघाला. देशभरच्या ख्रिस्ती लोकांचा जीव तेव्हा कळवळला, आणि तो कळवळायलाच हवा होता. तोच कळवळा आपल्या दारातून परत पाठवलेल्या शवपेटीसाठी का नसावा?

विरोधकांचं म्हणणं असतं, की शिकवण बदलता येत नाही. इथे ती बदलायची मागणीच नाही. कॅथलिक चर्चची १९९२ची अधिकृत धर्मशिकवण समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही, पण त्याच पानावर अशा माणसांना आदराने आणि करुणेने स्वीकारावं, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असंही बजावते. पोप फ्रान्सिस यांनी २०२३च्या जानेवारीत समलिंगी असणं गुन्हा नाही असं स्पष्ट सांगितलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अशा जोडप्यांना विवाहविधीबाहेर साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली. आफ्रिकेतल्या बिशपांनी तिला नकार कळवला, तो वाद चालू राहील. विवाह, पौरोहित्य, आशीर्वाद यांवर धर्मपंडितांनी हवं तेवढं भांडावं. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला माती द्यायला यातला एकही वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

सरकार, ज्याच्याकडून कुणी फारशी करुणेची अपेक्षा करत नाही, ते या बाबतीत पाऊलभर पुढे गेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यामुळे पंचवीस वर्षं एकत्र राहिलेला जोडीदारही कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. तरी ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. इस्पितळाने देह सोपवला, तर तो घेऊन हा माणूस कुठे जाणार? आपल्याच पॅरिशच्या फादरांकडे.

म्हणून मागणी एवढीच, आणि ती वसई, नगर, नागपूर, गोवा, मुंबई, सगळीकडच्या फादर, पाळक आणि पॅरिश कौन्सिलांकडे आहे. आमच्या चर्चमध्ये कुणालाही तो समलिंगी होता म्हणून अंत्यविधी नाकारला जाणार नाही, प्रवचनात त्याची निंदा होणार नाही आणि त्याचा जोडीदार कुटुंबीयांसोबत पुढे उभा राहील, असं उघडपणे सांगा. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन सगळा समाज एकत्र येतो. त्या दिवशी व्यासपीठावरून ही तीन वाक्यं वाचायला रोमची परवानगी लागत नाही, सिनॉडचा ठरावही लागत नाही.