शाबासकी कोणाची?

अलीकडे सत्कार हा आपल्या समाजाचा नित्यविधीच होऊन बसला आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि चौकातील फलक एवढी सामग्री जमली की कर्तृत्वास पूर्णता आली, असा समज दृढ होत चालला आहे. आणि त्याच्या समर्थनार्थ एक तत्त्वही पुढे करण्यात येते, ते असे की, कौतुकावाचून माणसाच्या हातून चांगले काम होत नाही. हे तत्त्व आम्हांस मुळातच खोटे वाटते.

त्याची परीक्षा व्यासपीठावर न करता कोल्हापुरानजीक शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत करावी. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या या वसाहतीतील ओतशाळांत यंत्रांचे व वाहनांचे भाग ओतले जातात. वाळू दाबून साचा करावयाचा, त्यात कोअर बसवावयाचा आणि मग लोहरस ओतावयाचा, असा हा उद्योग. वाळूत ओल अधिक राहिली, किंवा वायूस बाहेर पडण्याची वाट नीट ठेवली नाही, तर वायू रसात कोंडतो आणि निवालेल्या धातूच्या पोटात छिद्र राहते. वरून ते दिसेलच असे नाही. घासून, रंगवून ठेवले की खरा जॉब आणि खोटा जॉब शेजारी शेजारी सारखेच शोभतात. प्रत्येक वस्तू क्ष-किरणांनी तपासली जाते असेही नाही. शिवाय रस थिजल्यावर साचा मोडूनच टाकावयाचा असतो. म्हणजे मोल्डरच्या कसबाचा साक्षीदार त्याच्यादेखतच नाहीसा होतो.

वाळू मुठीत दाबून तिची ओल जोखणाऱ्या त्या माणसाकडे त्या क्षणी कोण पाहत असते? कौतुकवाद्यांच्या मते कोणीच नाही. तेव्हा त्याने काळजी घेण्याचे कारणही नाही. तरीही काळजी घेणारे हात आहेत, म्हणूनच आपण वाहनांत निर्धास्त बसतो. जो वस्तूच्या पोटातले पाहतो, त्याला आपल्या पूर्वजांनी सर्वसाक्षी म्हटले. त्याच्या पसंतीस उतरेल असे काम करणे म्हणजे जेथे कोणाची नजर पोहोचत नाही तेथेही खरे राहणे होय.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. ‘देवाची शाबासकी पुरे’ हा उपदेश मालकांच्या फार सोयीचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मजुरी आणि वाहवा या दोन भिन्न वस्तू आहेत. पुरी मजुरी, भट्टीच्या आचेपासून संरक्षण, सिलिकाच्या धुळीपासून फुप्फुसांचे रक्षण, हे कामगाराचे येणे आहे. ते माणसांनी माणसांस चुकते केले पाहिजे. ते बुडवून वर निष्कामतेचे प्रवचन करणे ही शुद्ध लबाडी होय. ज्या साक्षीला धातूतले छिद्र दिसते, तिला हजेरीपटातले छिद्र दिसत नाही असे थोडेच आहे!

याच जिल्ह्यात खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. तेथील शके 1136 च्या शिलालेखात यादव राजा सिंघण याने दिलेल्या दानाची नोंद आहे. स्वर्गमंडपाचे खांब ज्यांनी घडविले, त्या पाथरवटांची नावे मात्र आज कोणाच्या तोंडी नाहीत. राजाच्या दानास लेखाचा आधार लागला; खांबांच्या घडाईस तो लागत नाही.

आमचा खरा वाद मात्र आम्हां शिकलेल्यांशीच आहे. ग्रंथ, प्रबंध, व्याख्याने हीदेखील ओतीव कामेच आहेत. त्यांच्याही पोटात न वाचलेल्या आधारांची आणि उसन्या विचारांची छिद्रे राहतात, आणि पुरस्काराचा रंग ती झाकून टाकतो. ओतशाळेतले छिद्र निदान कातकामात उघडे पडण्याचा संभव असतो. आमचे मात्र विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाहून नेतात. म्हणून कोणाचे नाव सत्कारासाठी सुचविण्यापूर्वी निवड समितीने त्याचे पुस्तक तरी आधी वाचावे. आणि सत्कारमूर्तीने व्यासपीठ चढण्यापूर्वी, जे कोणीच तपासणार नव्हते ते पान आपण कसे लिहिले, एवढे स्वतःस विचारून पाहावे.