कंपनी तीनदा बदलली, खिडकी तीच

गेल्या चार वर्षांत आमच्या घरात तीन इंटरनेट कंपन्या येऊन गेल्या. पहिलीला पप्पांनी हाकललं, दुसरीला मी, तिसरी अजून आहे. दर वेळी जोडणीवाला पोरगा आला, त्याने खांबावरून वायर ओढली, हॉलच्या त्याच खिडकीतल्या त्याच भोकातून आत घेतली, टीव्हीच्या कपाटात डबा ठेवला, पासवर्ड सांगितला आणि गेला. आणि दर वेळी मागच्या खोलीत माझं नेट तसंच रडत राहिलं.

मागच्या वर्षी त्याच खोलीत बसून मी एका नोकरीची मुलाखत दिली. घरून करायचं काम होतं. म्हणजे वणी न सोडता पगार. दुसऱ्या फेरीत माझा चेहरा स्क्रीनवर तीनदा गोठला. चौथ्यांदा जोडली गेले तेव्हा समोरच्या मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम दिसतोय, आम्ही कळवतो." कळवलं नाहीच. रात्री जेवताना पप्पा एवढंच म्हणाले, "पुण्याला जाऊन राहा बाई, गावाकडे हे असंच चालायचं."

मला ते तेव्हा पटलं होतं. आता अजिबात पटत नाही. दोष वणीचा नव्हता, आणि बऱ्याच अंशी कंपनीचाही नव्हता. दोष आमच्या भिंतीत होता. म्हणून म्हणते, कंपनी बदलण्याआधी घरातली वायर बघा.

ही कंपन्यांची वकिली करतेय असं वाटत असेल तर जरा थांबा. तुमच्यातले निम्मे तरी द्राक्षाच्या घरातले असतील. बागेच्या शेवटच्या ओळीत वेल सुकायला लागली तर तुम्ही लगेच विहिरीवरची मोटर बदलता का? आधी फिल्टर उघडता, लॅटरल तपासता, ड्रिपर चोंदलाय का बघता. मग नेट हळू झाल्यावर थेट मोटरच का बदलायची?

तपासणी सोपी आहे, पण ती वायरने करायची. लॅपटॉप घ्या, डब्याशेजारी बसा, लॅनची केबल थेट डब्यात खोचा आणि वेग मोजा. आकडा लिहून ठेवा. मग केबल काढून तिथेच वायफायवर मोजा. मग जिथे खरंच काम करता त्या खोलीत जाऊन मोजा. हे सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा. आमच्याकडे प्लॅन १०० एमबीपीएसचा. डब्याशी वायरने ९४ आले, हॉलमध्ये वायफायवर ८०च्या आसपास आणि मागच्या खोलीत ६. सहा! म्हणजे कंपनी माल बरोबर पोचवत होती आणि आम्ही तो दारातच सांडत होतो.

उलटही होऊ शकतं. सकाळी वायरने ९४ आणि रात्री नऊला वायरनेच २० आले, तर गडबड कंपनीची. फायबरची एक मुख्य लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते आणि रात्री सगळेच मालिका, क्रिकेट, रील लावून बसतात. पुढची लाइन कंपनीने पुरेशी ठेवली नसेल तर ते अशा वेळी उघडं पडतं. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, फोन लावा. आणि नुसतं "नेट चालत नाही" म्हणू नका. तारीख, वेळ, वायरवरचा आकडा सांगा आणि डॉकेट क्रमांक मागा. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीतच अपिलाची वरची पायरी असते, ट्रायच्या नियमांनुसार ती ठेवावीच लागते. आकडे हातात असले की समोरचा "राउटर बंद करून चालू करा" एवढ्यावर सुटत नाही.

आता भिंतीकडे येऊ. आमचं घर म्हणजे पुढे नवं आरसीसी, मागे आजोबांच्या वेळचं दीड फुटी भिंतीचं. मधे लोखंडी कपाट, त्याला पूर्ण उंचीचा आरसा. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच्या लहरी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतीला लवकर दमते, २.४ची लांब जाते पण शेजारच्या दहा घरांच्या वायफायची आणि मायक्रोवेव्हची गर्दीही तिथेच. लोखंड, आरसा, पाण्याची टाकी, सळईने भरलेला स्लॅब हे दोघींचेही वैरी. आणि आपण डबा ठेवतो कुठे? टीव्हीच्या कपाटात, दार लावून. शोभेसाठी. मैत्रिणीच्या घरी तर देवघरामागे आहे, त्याच्यापुढे समई. तो डबा आधी उघड्यावर, उंचावर, घराच्या मध्याकडे आणा. फुकट आहे. रिपीटर मात्र आधी घेऊ नका. रडणाऱ्या खोलीत ठेवलेला रिपीटर तेच रडणं पुढच्या खोलीत पोचवतो.

मी ठरवलं, वायरच न्यायची. इथे खरी गंमत झाली.

आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांनी अर्ध्या गावाची फिटिंग केलीय, हाताला शिस्त आहे. त्यांनी लाइटच्याच पाइपातून लॅनची केबल घातली. केबल थोडी कमी पडली. मग त्यांनी मधे जोड दिला: आठ तारा सोलल्या, रंगाला रंग लावून पिळल्या, वर चिकटपट्टी. विजेच्या हिशेबाने जोड एकदम पक्का, हिसका दिला तरी न सुटणारा. लॅपटॉपवर वेग आला १०. आणि कोणी पाण्याची मोटर चालू केली की तोही गायब.

काका म्हणाले, केबल खराब. मला वाटलं, कंपनीच खराब. दोघंही चुकलो होतो. ती आठ तारांची केबल म्हणजे चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकीला पीळ घालून बनवलेली असते. तो पीळ नुसता आवरायला नसतो. जोडीतल्या दोन तारांमधून एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरून विजेचा किंवा मोटरचा त्रास आला तर पिळामुळे तो दोघींवर सारखाच बसतो आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींतला फरक वाचतं, त्यामुळे त्रास वजा होऊन जातो. काकांनी जोडासाठी वीतभर पीळ उलगडला, शेजारी २३० व्होल्टची वायर ठेवली आणि वजाबाकीच मोडली. शिवाय एकाच पाइपात वीज आणि लॅन हा जिवाशीही खेळ आहे. विजेच्या वायरचं कव्हर आत सोललं गेलं तर करंट कुठे येईल सांगता येत नाही.

काकांना नावं ठेवायची नाहीत मला. त्यांना वीज नेणं शिकवलंय, संदेश नेणं कोणी शिकवलंच नाही. पण गावोगावी हेच चाललंय, म्हणून तुम्हाला माहीत असलेलं बरं. केबल अखंड घ्यायची, मधे जोड नाही, वळण काटकोनात दाबायचं नाही, विजेपासून वेगळा पाइप. कॅट ६ लिहिलेली घ्या आणि तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, दुकानदाराला परत द्या. अजून एक: १०० एमबीपीएसला चारपैकी दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. प्लॅन २०० चा आणि वायरवर आकडा ९४-९५ ला अडकलाय? तर एखादी तार तुटलीय किंवा डब्याचा पोर्टच १०० चा आहे. ही चूक भल्याभल्यांच्या घरी वर्षानुवर्षं सापडत नाही.

आम्ही ३० मीटर अखंड केबल आणली, बाहेरच्या भिंतीवरून वेगळ्या पाइपात नेली, मागच्या खोलीत माळ्यावरचा जुना राउटर जोडला. त्या खोलीत आता ९३ येतात. ती नोकरी गेली ती गेलीच.

खिडकीचं राहिलंच. दुसरी कंपनी मी ज्या कारणाने हाकलली, दर पावसाळ्यात लाल दिवा, त्याचं कारण खिडकीची झडप होती. पाऊस आला की पप्पा ती घट्ट लावायचे आणि फायबर तिच्यात चिमटलं जायचं. फायबर म्हणजे केसाएवढ्या काचेतून जाणारा प्रकाश. जास्त वाकवलं की प्रकाश बाहेर गळतो. त्या कंपनीच्या पोराला मी फोनवर काय काय बोलले होते ते इथे छापण्यासारखं नाही.

मग कंपन्यांची तुलना करायचीच नाही का? करा, पण जाहिरातीतल्या आकड्यावर नको. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, कारण ८ बिटांचा १ बाइट. हे कळलं की ३०० च्या प्लॅनचा मोह जरा उतरतो. अपलोड विचारा, कारण मुलाखतीत तुमचा चेहरा वर जात असतो, खाली येत नसतो. गच्चीवर डबा बसवून ५जीवर चालणाऱ्या एअरफायबरमध्ये अपलोड बहुधा कमी मिळतो. वर तो टॉवर आसपासच्या सगळ्या मोबाइलांचाही असतो. नवरात्रात आणि चैत्रात गडावर जाणारी गर्दी आठवा, मग ठरवा. जिथे फायबर येत नाही तिथल्या मळ्यातल्या घराला मात्र तोच आधार. बिलात १८ टक्के जीएसटी धरलाय का, सहा महिन्यांचे एकदम मागतायत का, हे विचारायला लाजू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वायर तुटली तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार? बीएसएनएलचं फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच सांभाळतात. तेव्हा नाव दिल्लीचं असो की मुंबईचं, शिडी घेऊन येणारा पोरगा तुमच्या गावातला आहे की नाशिकचा, यावर तुमचा रविवार ठरतो.

सरकारी कागदावरही हळूहळू सगळं बदलतंय. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रायने इमारतींना आतल्या डिजिटल जोडणीवरून तारे देण्याचे नियमही आणले. म्हणजे भिंतीच्या आतली वायर मोजण्यासारखी आहे हे त्यांनाही पटलंय. पण आपल्या गल्लीतल्या घराला तारे द्यायला कोणी येणार नाही.

आणि आपल्याकडे तर बांधकामं जोरात आहेत. द्राक्षाला एक वर्ष बरं गेलं की पुढच्या वर्षी बंगला. नकाशात झुंबराचा पॉइंट असतो, एसीचा असतो, गेटवरच्या दिव्याचा असतो. लॅनचा पाइप कोणाच्याच नकाशात नसतो. स्लॅब पडल्यावर झिऱ्या मारत बसण्यापेक्षा आधी २५ मिलिमीटरचा एक रिकामा पाइप हॉलपासून प्रत्येक खोलीत टाकून ठेवावा, आत ओढायला बारीक तार सोडावी. बंगल्याच्या खर्चात तो दिसणारही नाही.

गावाबाहेर माझ्या काकांचा बंगला चाललाय. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आता सगळं वायफायवर असतं ना गं, पाइप कशाला?" मी त्यांना आमच्या मागच्या खोलीत नेलं, केबल काढली, फोन त्यांच्या हातात दिला आणि चुलत भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मग केबल पुन्हा लावली. शुक्रवारी स्लॅब आहे. मिक्सर यायच्या आत मला सेंटरिंगवर चढून पाइप बांधून घ्यायचेत.