वही आमची, कुलूप त्यांचे!

दसरा सरला की आमच्या घरी कपाटे उपसण्याचा कार्यक्रम सुरू होतो. यंदा पुण्याहून आलेला भाचा मदतीला होता. तळच्या खणातून त्याने एक वस्तू काढली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "आत्या, हे भंगारात टाकू ना? याचा आता काही उपयोग नाही."

"ठेव ते खाली!" मी म्हटले. माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरात भाजणी भाजत असलेल्या वहिनी झारा हातात घेऊनच दारात आल्या.

ती वस्तू म्हणजे हातात मावणारे टिपणयंत्र. इंग्रजीत त्याला ऑर्गनायझर म्हणत. आजच्या मोबाइलहून जाडसर, पडदा छोटा, बाजूला खोचलेली प्लॅस्टिकची लेखणी. भाचा गुणी मुलगा आहे, आणि संगणकाच्याच धंद्यात आहे. पण त्याचे वाक्य खोटे होते. चार्जर लावला की त्या यंत्राचा पडदा आजही उजळतो, लेखणीने लिहिलेले अक्षर आजही ते ओळखते. त्याचा उपयोग संपलेला नाही, संपवला गेला आहे. संपणे आणि संपवणे यांत जो फरक आहे, त्यासाठीच हा लेखप्रपंच.

तरुण वाचकांना या यंत्रांची कुळकथा ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. 1996 साली अमेरिकेत पाम कंपनीचे 'पायलट' नावाचे यंत्र बाजारात आले. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी ते बनवण्याआधी त्याच मापाचा एक लाकडी ठोकळा करून खिशात बाळगला होता. कोणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळा काढीत आणि त्यावर लिहिल्यासारखे करीत! खिशात काय मावते आणि हाताला काय हवे असते, हे त्यांना अशा रीतीने कळले. त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. माणसाला दोन वह्या लागतात, एक मेजावरची आणि एक बरोबर न्यायची. आणि खरी कटकट असते ती दोन्ही वह्या एकसारख्या ठेवण्याची. म्हणून त्या यंत्राबरोबर एक बैठक मिळे. बैठकीची तार संगणकाला जोडलेली असे. यंत्र बैठकीत ठेवायचे, बैठकीवरचे एकच बटण दाबायचे, की मेजावरचे कॅलेंडर आणि खिशातले कॅलेंडर एकमेकांशी जुळत. या जुळवणीला 'हॉटसिंक' असे नाव होते.

ही जुळवणी कशी चाले, ते मला अजून मोठे मौजेचे वाटते. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असे, आणि नोंद बदलली की तिच्यावर एक खूण पडे. त्याच संगणकाशी पुन्हा गाठ पडली, तर फक्त खुणेच्या नोंदींची देवघेव होई. मध्ये दुसऱ्या संगणकाशी गाठ पडून गेली असेल, तर सारी वही पहिल्यापासून ताडून पाहिली जाई. आणि समजा, एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली गेली, तर? तर ते यंत्र कोणतीच नोंद पुसत नसे. दोन्ही ठेवी, आणि खरे काय ते मालकाने ठरवावे म्हणून तसे कळवी. आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे कबूल करणारी यंत्रेच काय, माणसे तरी आज किती उरली आहेत?

आता माझी हकीकत. माझे यंत्र कोणत्या कंपनीचे होते ते लिहीत नाही, कारण हा दोष एका कंपनीचा नसून साऱ्या व्यवहाराचा आहे. 2003 साली दादाने ते मला दिले. आई माझ्याकडे सांगलीला असे. तिला मधुमेह होता, रक्तदाब होता, आणि पुढे हृदयाचेही दुखणे जडले. दिवसभर मी कॉलेजात. म्हणून आईची साखर, रक्तदाब, कोणती गोळी केव्हा सुरू झाली, कोणती कशामुळे बंद केली, हे सारे मी त्या यंत्रात टिपत असे. दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या टिपावे आणि रात्री घरच्या संगणकाशी जुळवून टाकावे, असा परिपाठ पडला होता. दादा महिन्यातून एकदा मुंबईहून येई, तो संगणकावर लिही. एकदा डॉक्टरांची वेळ मी गुरुवारची केली आणि त्याने शुक्रवारची. यंत्राने दोन्ही वेळा दाखवल्या, आणि आम्हा भावंडांचे भांडण आम्हालाच मिटवायला लावले!

त्या कॅलेंडरला तिथी कळत नसे, ही त्याची एक मोठी उणीव. वाढदिवस दरवर्षी आपोआप येई. वडिलांचे श्राद्ध मात्र भाद्रपदातल्या तिथीला, म्हणून मी दर पाडव्याला पंचांग उघडून वर्षाच्या तिथी एकेक करून त्यात घाली. हे मुद्दाम सांगते, कारण 'तुमचा डेटा' असे सपाट नाव ज्याला हल्ली दिले जाते, तो असा हातांनी घातलेला असतो. कंपनीने मला विकली ती कोरी वही. सात वर्षांचे अक्षर माझे होते.

2010 च्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि आमचा जुना संगणक तबकडीसकट जळाला. त्यातली प्रतही गेली. यंत्रातल्या नोंदी शाबूत होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. नवा संगणक आला. मी यंत्र बैठकीत ठेवले, बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. पडद्यावर अक्षरे आली, त्यांचा अर्थ एवढाच की ही वस्तू ओळखता येत नाही. दुकानदाराला बोलावले. तो सज्जन म्हणाला, "मॅडम, तुमचा संगणक आता 64 बिटी आहे. या यंत्राचा ड्रायव्हर 32 बिटी. तो यावर चालायचा नाही, आणि कंपनीने नवा काढलेला नाही."

ड्रायव्हर म्हणजे दोन यंत्रांमधला दुभाषा. दुभाषा नसेल तर दोन शहाणी माणसेही समोरासमोर मुकी बसतात. कंपनीला फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर मिळाले की हे उत्पादन बंद झाले आहे, आपण नवे घ्यावे. मी विचारले, "आतल्या नोंदींचे काय?" तो प्रश्न बहुधा त्यांच्या उत्तरांच्या यादीत नव्हता.

आणि गाठ इथेच होती. त्या यंत्रातल्या नोंदी विजेच्या आधाराने टिकत. बॅटरी पुरती उतरली की सारी पाटी कोरी. रोज जुळवणी होत होती तोवर याची भीती नव्हती. आता बॅटरी म्हातारी झाली होती, एक दिवसही धड टिकत नव्हती. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे पानी वही आणली आणि रोज रात्री, यंत्र चार्जरला लावून, सात वर्षांच्या नोंदी हाताने उतरवून काढल्या. बाहेर फटाके वाजत होते, आणि मी 2006 सालची साखर लिहीत होते. भाऊबीजेला दादा आला, तेव्हा शेवटची पाने त्याने उतरवली. पुढे एका रात्री चार्जर लावायचा राहिला, आणि सकाळी यंत्राने मला नव्या मालकिणीसारखी आजची तारीख विचारली.

ती वही कामास आली. पुढच्याच जानेवारीत आईला नव्या डॉक्टरांकडे न्यावे लागले. त्यांनी रक्तदाबाची एक गोळी लिहून दिली. नाव ओळखीचे वाटले म्हणून मी वही उघडली. 2006 साली हीच गोळी सुरू झाल्यावर आईला कोरडा खोकला लागला होता, रात्र रात्र झोप नव्हती. गोळी थांबवली आणि खोकला गेला. त्या जातीच्या गोळ्यांनी काही रोग्यांना असा खोकला लागतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक होते; आईला लागला होता, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी गोळी बदलली. आई त्यानंतर दोन वर्षे होती, आणि त्या रात्री तरी ती स्वस्थ झोपली. मी उतरवून काढायचा आळस केला असता, तर?

आता कोणी म्हणेल, "बाई, कंपनीने जुनी यंत्रे जन्मभर सांभाळावीत की काय?" मी असे म्हणत नाही. धंदा आहे, आज चालेल, उद्या बसेल. शिंप्याने दुकान बंद करायला कोणाचीच ना नाही. पण गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेले कापड ज्याचे त्याला परत करावे आणि मग कुलूप लावावे, एवढी रीत आपल्याकडचा साधा शिंपीही पाळतो. यंत्र कोणत्या रीतीने बोलते आणि नोंदी कोणत्या रचनेने ठेवते, हे चार कागदांवर लिहून जाहीर केले असते, तर कोणीतरी हौशी मुलाने दुभाषा घडवला असता. कंपनी तसेही ते यंत्र विकणार नव्हती. मग गुपित राखून तिचे कोणते हित साधले? एकच. मी नवे घ्यावे!

आमच्या पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे ढीग पडून आहेत. मोडी शाळेतून गेली, वाचणारे विरळ झाले. तरीही 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादून काढले, आणि आजही एखादा विद्यार्थी मनावर घेईल तर मोडी शिकून ते कागद वाचू शकतो. का? कारण मोडी ही कोणा सावकाराची खाजगी मालमत्ता नव्हती. लिपी जुनी झाल्याने कागद मुका होत नाही. लिपीला कुलूप लागले की मुका होतो. पेशव्यांच्या कारकुनाचे पत्र वाचता यावे आणि माझे 2006 सालचे टिपण वाचता येऊ नये, याला प्रगती म्हणायचे?

भाच्याचे म्हणणे वेगळे होते. तो म्हणाला, "आत्या, आता ही भानगडच नाही. सगळं क्लाउडवर असतं, आपोआप सिंक होतं." सोय झाली, हे मी मान्य करते, माझा मोबाइलही तसाच चालतो. पण पूर्वी जुळवणी होई ती माझ्या मेजावरच्या वहीची आणि माझ्या खिशातल्या वहीची, मधली तार माझ्या डोळ्यांसमोर. आता दोन्ही वह्या तिसऱ्याच्या कोठारातून उतरवलेल्या नकला असतात. कोठाराच्या मालकाने उद्या दार लावले, तर माझ्याजवळ तारही नाही आणि बटणही नाही. कुलूप गेले नाही. फक्त माझ्या घरातून उठून त्याच्या घरी जाऊन बसले!

हे असेच चालायचे, असेही नाही. कॅलेंडर एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यासाठी आयकॅलेंडर नावाचा खुला संकेत 1998 पासून आहे, आणि परस्पर जुळवणीसाठी कॅलडॅव्ह नावाचा 2007 पासून. दोन्ही इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ मंडळाने प्रसिद्ध केलेले, कोणीही वाचावे असे. युरोपात 2018 पासून लागू झालेल्या कायद्याच्या विसाव्या कलमाने माणसाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा हक्क दिला. आपल्याकडे 2019 च्या विधेयकाच्या मसुद्यात असा हक्क होता. 2023 साली कायदा झाला, तेव्हा तो त्यातून गळाला. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, हे चांगलेच झाले. पण पंखा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून मिळणे जितके अगत्याचे, तितकेच यंत्रातले आपले अक्षर परत मिळणेही अगत्याचे आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. यंत्र विकताना त्याचा दुभाषा किती वर्षे पुरवणार, ते खोक्यावर छापा. पुरवणे थांबवाल त्या दिवशी त्याची भाषा जाहीर करा. आणि नोंदी खुल्या संकेतात बाहेर काढण्याची वाट पहिल्या दिवसापासून ठेवा. यात भीक नाही, उपकार नाही. शिवायला टाकलेले कापड आहे ते.

आणि वाचकहो, आपणही थोडे जागे राहू या. लक्ष्मीपूजनाला आमच्या गावच्या पेढीवर नव्या वहीची पूजा होते, तिच्यावर हळदकुंकू वाहतात. पण जुनी वही कोणी टाकून देत नाही; ती लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतात, आणि वाद पडला की काढतात. यंदा पूजेच्या आधी घटकाभर बसून मोबाइलमधली वही बाहेर काढता येते का, ते घरातल्या मुलांकडून पाहून घ्या, आणि येत असेल तर एक प्रत आपल्याजवळ ठेवा. येत नसेल, तर विकणाऱ्याला जाब विचारा.

भाच्याने ते यंत्र पुन्हा खणात ठेवले. आईची दोनशे पानी वही मात्र तो रात्री बराच वेळ वाचत बसला होता. सकाळी मला म्हणाला, "आत्या, आजीला 2006 मध्ये खोकला झाला होता, हे मला माहीतच नव्हतं."

ते त्याला वाचता आले. कारण त्या वहीला कुलूप नव्हते.