मांजर घराचं असतं म्हणे!

"मांजराचं काय एवढं! ते घराचं असतं, माणसाचं नसतं. राहील इथंच." आम्ही शहापुरातलं जुनं घर सोडून टिळकवाडीत फ्लॅटवर आलो, तेव्हा हे वाक्य किमान दहा जणींनी ऐकवलं. त्यातल्या निम्म्या तरी मुंगीला वाट देऊन चालणाऱ्या. आणि घर तर पाडायचं होतं. मग 'इथंच' म्हणजे कुठं? विटांच्या ढिगात?

दुसरी म्हण तयारच असते: मांजर सात घरं फिरतं. अहो, ती फिरते ती पिल्लांना जपण्यासाठी, स्वतः जागा बघून, एकेक पिल्लू तोंडात धरून. जन्मभर उंबऱ्याआत वाढलेल्या मांजराला रस्त्यावर सोडणं म्हणजे सात घरं फिरणं नव्हे.

मांजराला जागेचा लळा असतो, हे मी नाकारत नाही. दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासून ते आपला वास लावून ठेवतं, आणि त्या वासातच त्याला सुरक्षित वाटतं. नव्या घरात तो वास नसतो, म्हणून ते भेदरतं. यावरून 'त्याला आपली माया नाही' असं कसं ठरतं? सासरी आल्यावर पहिले चार दिवस आपल्या तरी घशाखाली घास उतरत होता का? म्हणून कोणी आपल्याला रस्त्यात सोडून दिलं नाही.

करायचं फार नसतं. आमच्या मनीची बास्केट मी आठवडाभर आधीच उघडी ठेवली होती, आत तिची गोधडी. सामान हलवायच्या दिवशी तिला एका खोलीत बंद केलं, आणि सगळं गेल्यावर शेवटी तिला नेलं, बास्केटीवर चादर टाकून. नव्या घरातही एकच खोली दिली. तिथं तिची मातीची ट्रे, पाणी, जुनीच ताटली, नेहमीचंच खाणं. (जैनाघरी मांजर काय खातं, यावर आपण पुन्हा कधीतरी भांडू.) गोधडी मात्र धुतली नाही. नव्या घरात मळकं काही नको म्हणून सासूबाई दोनदा ती बादलीत टाकायला निघाल्या होत्या! गृहप्रवेशाला पन्नास माणसं आली, पण त्या खोलीला कुलूप. दोन दिवस मनी कॉटखाली होती. मी तिला ओढून काढली नाही, नुसती जमिनीवर बसून भाजी निवडत राहिले. तिसऱ्या रात्री ती मांडीजवळ आली. मग एकेक खोली उघडली. खिडक्यांना जाळी आधीच बसवून घेतली होती.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजराच्या उपवासात पुण्य नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं, जाड मांजराला तर जास्तच. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसूनही लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी न्यायचं.

यासाठी वेळ नव्हता, असं मला सांगू नका. देवघराच्या फरशीचा रंग ठरवायला आपण तीन दुकानं पालथी घालतो की!

परवा जुन्या गल्लीत गेले होते. आमच्या भिंतीला भिंत असलेल्या घरातला पांढरा बोका पत्र्याच्या कुंपणाखाली बसला होता. तेही घर पाडलंय. हाक मारली तर उठून आला, पार हाडं निघालेली, आणि माझ्या पायाला गाल घासू लागला. वहिनींना तिथूनच फोन लावला.

"अगंबाई, अजून आहे होय तो?" म्हणाल्या.