उड्डाण बंद, पगार बंद, हप्ता चालू

वैमानिकांचे पगार थकले तर त्याचं आपल्याला काय? मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या बैठकीत हमखास येतो, आणि तो चूक नाही. कांद्याची पट्टी आणि रोजगार हमीची मजुरी वेळेवर न मिळणाऱ्या बायांनी लाखांत पगार घेणाऱ्यांसाठी का हळहळावं? पण या लाखांचा हिशोब एकदा मांडून तर बघू.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमानं गाजावाजात सुटली. त्यांत आपलं नांदेड–हैदराबाद होतं. ते चालवणारी ट्रूजेट ही हैदराबादची छोटी कंपनी. पुढे ती जळगाव, नाशिक, कोल्हापूरलाही आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, आणि घोडेगावातल्या पोरापोरींनाही विमान जवळचं वाटू लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली. त्याआधीच कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. ही एकट्या ट्रूजेटची गोष्ट नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पुरी करणारे ११२ निघाले.

पैसा आटला की कंपनी आधी कुणाचं देणं थांबवते? इंधनाचे पैसे चुकवले तर तेल कंपनी टाकी भरत नाही. भाडं थकलं तर मालक विमान ओढून नेतो. पगार मात्र थांबवला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उडतं. म्हणून कात्री तिथेच आधी लागते. घरात पैसा कमी पडला की बाईच्या ताटातली भाकरी आधी कमी होते, त्यातलाच हा प्रकार.

वैमानिकाने मग दुसरी नोकरी धरावी, असं म्हणणं सोपं आहे. परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागतं, त्याला काही दशलाख रुपये जातात. मध्यमवर्गी घरात ते कर्जाने किंवा जमीन गहाण टाकून येतात. एटीआर चालवणाऱ्याला एअरबस चालवायची तर त्या विमानाचं वेगळं, महागडं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो, म्हणजे विमानं कमी झाली की पगार आपोआप घटतो. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं-उतरणी झाल्या नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. त्यात २०१७ साली सरकारने कॅप्टनसाठी एक वर्षाच्या नोटिशीचा नियम केला, सहवैमानिकाला सहा महिने. कंपनीने पगार उशिरा द्यायचा, आणि माणसाने मात्र वर्षभर आधी सांगून जायचं!

यात मुली कमी नाहीत. आपल्या देशात वैमानिकांत बायकांचं प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे, जगात ते पाचच्या आसपास. १९८५ साली सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता–सिल्चर विमान नेलं, सगळा चमू बायकांचा होता. तिथून आपण इथवर आलो. पण मुलीच्या शिक्षणासाठी जमीन गहाण टाकणं हाच मुळात भांडणाचा विषय. कंपनी बुडाली की मुलाला ‘नशीब वाईट’ म्हणतात, मुलीला ‘तेवढ्यात लग्न झालं असतं’ हे ऐकावं लागतं. आणि वैमानिक नवरा असेल तर हप्त्यासाठी मोडतो तो बायकोचा दागिना. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली त्याच आठवड्यात दिल्लीत तिच्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने आत्महत्या केली. नवऱ्याचा पगार थकल्याचं तिने चिठ्ठीत लिहिल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. ती त्या कंपनीच्या हजेरीपटावर कुठेच नव्हती.

कायदा काय करतो? दिवाळखोरीच्या कायद्यात कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारणदार बँकांच्या बरोबरीने धरली जाते. ‘इतर कर्मचाऱ्यां’ची बारा महिन्यांची, तीही त्यांच्याखाली. मुंबईची जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तेव्हा वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार अडकलेले होते. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी द्यावी हा अपील न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याची वेळ आलीच. साडेपाच वर्षं! इतकी वर्षं कुठली बँक हप्त्याला थांबते?

आमच्या घोडेगावच्या कांदा बाजारात व्यापाऱ्याला परवाना देताना बाजार समिती बँक हमी घेते. ती पुरत नाही, हा भाग वेगळा. पण व्यापारी पळाला तर शेतकऱ्याच्या हाती काहीतरी लागावं, हे तत्त्व तिथे मान्य आहे. उडानचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी लावून उभा राहतो, म्हणजे तो प्रवाशांच्याच खिशातला. मग मार्ग देताना कंपनीकडून निदान तीन महिन्यांच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात का ठेवून घेऊ नये? वैमानिकाची, हवाईसुंदरीची, सामान चढवणाऱ्याची आणि विमान झाडणाऱ्या बाईचीही. शेवटच्या दोघांचा तर उल्लेखही बातमीत येत नाही, ते ठेकेदाराचे.

कंपन्या म्हणतील, एवढी अट घातली तर लहान गावांना विमान मिळणार नाही. तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेवायची ऐपत नसलेल्या कंपनीला आपण दोनशे फूट धावपट्टीही देऊ नये, असं माझं मत आहे. काकडीला उतरणाऱ्या विमानांपासूनच ही मागणी सुरू करू या.