आडनावात कारागिरी, ईदला मात्र बाजार

रमजानचे शेवटचे दहा दिवस इबादतीसाठी सर्वांत मोलाचे. याच दिवसांतल्या एखाद्या विषम रात्री लैलतुल कद्र असते, तिचा शोध घ्यावा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपल्या मोहल्ल्यातली माणसं या रात्री शोधायला निघालात तर ती सापडतात बाजारात. तरावीह उरकायची आणि कपडे, चपला, बांगड्या, पर्स यांच्या दुकानांपुढे रेटारेटी करायची. चांदरात तर आता पूर्णपणे बाजाराचीच रात्र झाली आहे.

आनंदाला माझा विरोध नाही. महिनाभर रोजे ठेवल्यावर ईदच्या दिवशी घर हसतं-खेळतं असावं, मुलांच्या अंगावर नवं काही असावं, यात गैर काय? प्रश्न एवढाच आहे की या आनंदाचं बिल कोण भरतं आणि कसं भरतं. भिवंडी-मालेगावला पॉवरलूमवर बारा तास उभा राहणारा कामगार, शेअर रिक्षा चालवणारा, गॅरेजमधला पोरगा, घरी बसून साड्यांना खडे चिकटवणारी बाई, यांच्या घरी ईद येते तेव्हा आधी उधारी येते. कुणी शेठकडून उचल घेतो, कुणी बचत गटातून कर्ज काढते, कुणी छोट्या फायनान्सवाल्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स देते. ज्या धर्माने व्याज हराम ठरवलं, त्या धर्माचा सण व्याजाच्या पैशांवर साजरा होतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. रोजे जास्तीत जास्त तीस, ईदचे हप्ते मात्र सहा महिने.

हे सगळं कशासाठी? ‘लोक काय म्हणतील’ यासाठी. शेजारच्या मुलीचा ड्रेस दोन हजारांचा, मग आपल्या मुलीचा हजाराचा कसा? पाहुण्यांपुढे घरच्या वाटीत शिरखुर्मा कसा द्यायचा, काचेचा नवा सेट नको का? घरी शिवलेलं, घरी विणलेलं, घरी बनवलेलं म्हणजे ऐपत नसल्याचा पुरावा, असं आपण कधी ठरवून टाकलं कोण जाणे!

मला याचं नवल दुसऱ्याच कारणाने वाटतं. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावं एकदा सावकाश वाचून पाहा. नदाफ आणि पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. मोमीन म्हणजे विणकर. रंगरेज म्हणजे कापड रंगवणारे. मणियार म्हणजे बांगड्यांचे धंदेवाले. शिकलगार म्हणजे हत्यारांना, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे. अत्तार म्हणजे अत्तराचे व्यापारी. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, हिमरू शाल असो की मिरजेची सतार, तिच्यामागे पिढ्यानपिढ्या राबलेले हात बहुतकरून मुसलमान कारागिरांचेच आहेत. म्हणजे ज्या समाजाची ओळखच हातकामातून झाली, तोच समाज आज हाताने केलेल्या वस्तूला लाजतो. आडनावात कारागिरी आणि ईदला मात्र बाजार, अशी आपली गत झाली आहे.

धर्माचं म्हणाल तर तो या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. कुरआनमध्ये सूरह बनी इस्राईलच्या २६ आणि २७ क्रमांकांच्या आयतींत उधळ्या माणसांना शैतानाचे भाऊ म्हटलं आहे. सूरह फुरकानमध्ये (आयत ६७) चांगल्या बंद्यांचं वर्णन करताना ते उधळतही नाहीत आणि हातही आखडत नाहीत, मधला मार्ग धरतात, असं सांगितलं आहे. हाताच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न कुणी खाल्लेलं नाही आणि हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. पैगंबर (स.) घरात आपली पादत्राणं स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, ही हजरत आयेशांनी सांगितलेली गोष्ट आपण दर जुम्म्याच्या बयानात ऐकतो. ऐकतो आणि बाहेर येऊन उसवलेली चप्पल फेकून नवी घेतो.

ईदच्या दिवशी स्नान करावं, सुगंध लावावा आणि आपल्याकडे असलेल्यांपैकी चांगले कपडे घालावेत, हा शिरस्ता आहे. ‘असलेल्यांपैकी चांगले’ आणि ‘नवे’ यात फरक आहे. खरं बंधन आहे ते फित्र्याचं. ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, फित्रा द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटेल. हनफी पद्धतीने गव्हाचा हिशेब धरला तर माणशी साधारण पावणेदोन किलो. पाच माणसांच्या घराचे झाले पावणेनऊ किलो. गव्हाचा भाव किलोला ३५ रुपये धरला तरी ही रक्कम ३०६ रुपयांच्या आसपास जाते. एका मुलाच्या रेडिमेड कपड्यांपेक्षा अख्ख्या घराचा फित्रा स्वस्त. तरी घासाघीस कुठे होते? फित्र्यात. गहू धरायचा, जव धरायचे की खजूर, यावर आपण मौलवींशी तासभर वाद घालू. दुकानदाराने ड्रेसची किंमत सांगितली की मात्र पाकीट निघतं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा : रमजानचा बाजार हाच कित्येक मुसलमान कुटुंबांचा वर्षाचा आधार असतो. हातगाडीवाले, कपड्यांचे छोटे दुकानदार, शेवया आणि खजूर विकणारे, यांचं या महिन्यातच काय ते भागतं. सगळेच काटकसर करू लागले तर यांनी खायचं काय? बरोबर आहे. म्हणून मी खर्च बंद करा असं म्हणत नाही. पैसा कुणाच्या हातात जातो ते बघा, एवढंच म्हणतो. परदेशातून आलेली प्लास्टिकची चंद्रकोर, रेडिमेड पाकिटं आणि ब्रँडचा शर्ट यांवर गेलेला पैसा मोहल्ल्यात फार थोडा राहतो. तोच पैसा गल्लीतल्या शिलाई मशीनवाल्या बाईला, क्रोशाची टोपी विणणाऱ्या विधवेला, पाटावरच्या शेवया करून विकणाऱ्या आजीला मिळाला तर तो तिथेच फिरतो. इजिप्तमध्ये रमजानात घरोघरी ‘फानूस’ नावाचा कंदील लावतात. पत्रा आणि रंगीत काचा वापरून तो बनवणं हे कैरोच्या कारागिरांचं जुनं काम. स्वस्त आयात फानूसांनी त्यांच्या पोटावर पाय दिला, तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या सरकारने लोककलेच्या अशा वस्तूंची आयातच थांबवली. आपल्याला सरकारी हुकमाची गरज नाही. आपलं गिऱ्हाईकपण थोडं बदललं तरी पुरे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : ‘घरी करा, हाताने करा’ म्हणजे शेवटी बाईने करा. आधीच रमजानात तिची सहेरी तीन वाजता सुरू होते, इफ्तारीचा रगाडा दुपारपासून, आणि ईदच्या दिवशी सगळे गळाभेटी घेत फिरतात तेव्हा ती शिरखुर्म्याच्या पातेल्यापाशी उभी. त्यात आता हातकामाची भर? हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणून माझी अट आहे की यातलं कुठलंही काम घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी हात लावल्याशिवाय होऊ नये. पैगंबर आपले कपडे स्वतः शिवत होते, हे सांगणाऱ्या पुरुषांना बटण लावता यायला हरकत नसावी. आणि जे काम जमणार नाही ते सोडून द्यावं. काटकसरीतही स्पर्धा सुरू झाली तर ती बाजारापेक्षा वेगळी राहणार नाही.

आता करायचं काय? मोठा खटाटोप लागणार नाही अशा चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली, ईदीची पाकिटं. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून असतो. कागद जाड, वर सोनेरी नक्षी. त्यावर बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असल्याने आपण त्या रद्दीतही टाकत नाही. तो मजकूर आधी कापून अदबीने बाजूला ठेवावा. उरलेल्या कागदाचा चौकोन घेऊन तीन कोपरे मध्यभागी दुमडायचे, मैद्याच्या खळीने चिकटवायचे, की पाकीट तयार. आठ वर्षांचं पोर अर्ध्या तासात दहा पाकिटं करतं. वर ज्याला ईदी द्यायची त्याचं नाव आणि एक ओळ दुआ लिहावी. आत दहाची नोट असली तरी मुलं ते पाकीट जपून ठेवतात.

दुसरी, खजुराचे बटवे. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून सात बाय अठरा इंचांचे दहा तुकडे निघतात. तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजूंनी शिलाई मारायची, तोंडाशी दुमड घालून नाडी ओवायची. जुन्या ओढणीचं कापड असेल तर तेवढाही खर्च नाही. आत सात खजूर आणि मूठभर चारोळी-बदाम. खाऊ संपला तरी बटवा वर्षभर वापरात राहतो. प्लास्टिकच्या खोक्याचं तसं होत नाही.

तिसरी, कंदील. दिवाळीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपली सगळी मुलं आकाशकंदील करतात. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद, खळ. तेच हात ईदला चांद-ताऱ्याचा कंदील करू शकतात. काही जण नाक मुरडतील की ही दिवाळीची नक्कल. कैरोतला फानूस कुणाची नक्कल आहे, हे त्यांनी सांगावं. उजेडाला धर्म नसतो, आणि कामट्या बांधण्याचं कसब या मातीतलं असेल तर ते आपलंच आहे.

चौथी, मेहंदी. बाजारातल्या झटपट काळ्या मेहंदीच्या कोनांत केस रंगवायचं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं. त्याने पोरींच्या हातांवर फोड आल्याच्या तक्रारी दर ईदला होतात. मेहंदीचं झुडूप गावाकडे कुंपणालाच असतं. पाला पाट्यावर वाटून त्यात चहाचं पाणी आणि लिंबू घातलं की रंग चढतो. रंगायला रात्रभर वेळ लागतो, पण चांदरातीच्या गप्पांना तेवढा वेळ लागतोच.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, शेजाऱ्याची वाटी. रस्सा शिजवाल तेव्हा पाणी जरा जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, हा पैगंबरांनी अबू जर यांना दिलेला सल्ला मुस्लिमच्या हदीससंग्रहात आहे. बकरीचा खूर दिला तरी ती भेट तुच्छ मानू नका, हेही त्यांनी बायकांना बजावलं होतं. काटकसरीने आनंद कसा वाटायचा याचं यापेक्षा सोपं सूत्र मला माहीत नाही. काजू-पिस्ते परवडत नसतील तर खोबऱ्याचे काप आणि चार खारका घाला, पण वाटी शेजारी गेली पाहिजे. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दिवाळीला चकली-करंजीचं ताट आलेलं असतं, ईदला त्यातून शिरखुर्मा परत जातो. या देवाणघेवाणीने गावोगाव जे टिकवून धरलं आहे, ते कुठल्याही शांतता समितीच्या बैठकीला जमलेलं नाही. अलीकडे मात्र ही वाटी थांबू लागली आहे. कधी समोरचं दार उघडत नाही हे खरं. पण कित्येकदा आपणच, ‘एवढासाच कसा द्यायचा, बरं दिसत नाही’ म्हणून पाठवत नाही. एका वाटीत मावणारी गोष्ट आपण प्रतिष्ठेत अडकवून ठेवली आहे. आजच्या वातावरणात ही वाटी थांबणं आपल्याला परवडणारं नाही.

यात पुढाकार घ्यायचा आहे तो ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी. हे मी मुद्दाम सांगतो. गरिबाला साधेपणाचा उपदेश करणं सोपं असतं, त्याचं अर्धं आयुष्य साधेपणातच गेलेलं असतं. मोहल्ल्यातल्या डॉक्टरच्या, बिल्डरच्या, शिक्षकाच्या मुलीने आईचा जुना रेशमी दुपट्टा उसवून शिवलेला कुर्ता ईदला घातला, तर रिक्षावाल्याच्या मुलीला तिच्या घरी शिवलेल्या कुर्त्याची लाज वाटणार नाही. लाज वरून खाली येते, ती वरूनच थांबवावी लागेल. मशिदीच्या ट्रस्टींनाही एक सुचवतो. शेवटच्या दहा दिवसांत रोषणाईवर जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग मोहल्ल्यातल्या बायकांकडून टोप्या आणि बटवे शिवून घेण्यावर करा. ईदगाहच्या दारात मुलांना तेच वाटा. त्या बायकांना ईदच्या आधी मजुरी मिळेल, हात पसरावा लागणार नाही.

रमजानच्या पहिल्या आठवड्यातच घरातल्या मुलांना बसवून कात्री, खळ आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ठेवा. शेवटचे दहा दिवस मग बाजारातून मोकळे होतील. ते कशासाठी आहेत, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहेच.