माणूस बघायचा, की पक्ष?

लोकसभेची निवडणूक आली की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, "माणूस आपला आहे, मयतीला येतो, लग्नाला येतो. पक्षाचं काय घेऊन बसलात?" दुसरा म्हणतो, "माणूस कितीही चांगला असू द्या, दिल्लीत हात पक्षाचाच वर होतो." दोघेही चूक नाहीत. पण सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन मतदारसंघांत गेल्या काही वर्षांत जे घडलं, त्यावरून हा प्रश्न जरा नीट मांडायला हवा, असं मला वाटतं.

आधी सातारा पाहू. उदयनराजे भोसले 2009, 2014 आणि 2019 अशा तीन वेळा राष्ट्रवादीच्या घड्याळावर लोकसभेत गेले. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. तो पक्ष त्यांना नवा नव्हता. राजकारणाच्या सुरुवातीला ते भाजपचेच आमदार होते. पुढच्याच महिन्यात पोटनिवडणूक झाली. 18 ऑक्टोबरची शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते. श्रीनिवास पाटील सुमारे 87 हजार मतांनी निवडून आले. छत्रपतींच्या गादीबद्दल साताऱ्यात केवढा आदर आहे हे सांगायला नको. तरीही मतदारांनी तेव्हा ठणकावून सांगितलं की आदर वेगळा आणि मत वेगळं. मात्र 2020 मध्ये राजे राज्यसभेवर गेले आणि 2024 मध्ये कमळावर उभे राहून शशिकांत शिंदे यांचा सुमारे 32 हजार मतांनी पराभव करून पुन्हा लोकसभेत पोहोचले. एक गोष्ट त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवी. पक्ष बदलताना त्यांनी राजीनामा दिला आणि लोकांसमोर परत गेले. आज आमदारांचे गटच्या गट खुर्ची न सोडता पक्ष बदलतात, तेव्हा हे कमी नाही.

सांगलीत वेगळंच घडलं. वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील 2019 मध्ये स्वाभिमानी पक्षाकडून लढले आणि हरले. 2024 मध्ये महाविकास आघाडीने ही जागा ठाकरेंच्या शिवसेनेला दिली आणि उमेदवारी पैलवान चंद्रहार पाटील यांना मिळाली. विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. आपल्यातल्या अनेकांची तेव्हा घालमेल झाली. मतं फुटली तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे आपल्याला पाठ आहे. निकालात अपक्ष सुमारे एक लाखाने जिंकले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामतही गेली. पुढे जून 2025 मध्ये तेच चंद्रहार पाटील एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. 'सेक्युलर मत' म्हणून आपल्याकडे जे हक्काने मागितलं गेलं, ते दिलं असतं तर कुठे जाऊन पोहोचलं असतं, याचा विचार करून पाहा.

मग पक्ष बदलणारा प्रत्येक जण संधिसाधू का? तसंही नाही. याच मातीतले क्रांतिसिंह नाना पाटील आधी काँग्रेसमध्ये होते, मग शेतकरी कामगार पक्षात गेले, शेवटी कम्युनिस्ट पक्षात. 1957 मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि 1967 मध्ये बीडमधून. पक्ष त्यांनीही बदलले. पण प्रत्येक वेळी ते सत्तेपासून लांब गेले, जवळ नाही. प्रतिसरकारच्या काळात ते ज्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांसाठी लढले, त्यांच्याच बाजूने ते शेवटपर्यंत राहिले. म्हणून पक्ष बदलला का, यापेक्षा बाजू बदलली का, हे विचारायला हवं.

आता मशिदीबाहेरच्या वादाकडे परत येतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या खासदाराला व्हिप मोडता येत नाही, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. 2025 च्या एप्रिलमध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत 288 विरुद्ध 232 मतांनी मंजूर झालं. त्या रात्री कोणता खासदार आपल्या गावच्या उरुसाला येतो, कोण ईदला शीरखुर्मा प्यायला येतो, याची मोजणी झाली नाही. मोजणी पक्षांची झाली. त्यामुळे 'माणूस चांगला' एवढ्यावर मत देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की त्या चांगल्या माणसाचं सभागृहातलं मत त्याने आधीच पक्षाकडे गहाण ठेवलेलं असतं. अपक्षाला व्हिप नसतो, म्हणून त्याची जबाबदारी उलट जास्त. 'पक्षाचा आदेश होता' असं म्हणायची सोय त्याला नाही.

पण दोष सगळा नेत्यांचा नाही. आपण त्यांना विचारतो तरी काय? 'भाजपला कोण पाडेल' एवढाच प्रश्न घेऊन आपण वीस-पंचवीस वर्षं मतदान करत आलो. त्यामुळे समोरच्यांनी आपल्याला गृहीत धरलं. 2024 मध्ये महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या 48 जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. आरिफ नसीम खान यांनी उघड नाराजी व्यक्त केली, आणि प्रचार पुढे चालू राहिला.

मी शिक्षक आहे, म्हणून वर्गातलं उदाहरण देतो. अल्पसंख्याक मुलांना मिळणारी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022-23 पासून फक्त नववी आणि दहावीपुरती ठेवली गेली. पहिली ते आठवीचं शिक्षण कायद्यानेच मोफत आहे, असं कारण देण्यात आलं. लहान वर्गांतल्या मुलाला वर्षाला हजारभर रुपयेच मिळायचे. पण बांधकामावर जाणाऱ्या बापासाठी ते दप्तर, वह्या आणि बुटांचे पैसे होते. फॉर्म भरून घेताना त्या आया कशा रांगेत उभ्या राहायच्या, ते मी पाहिलं आहे. उच्च शिक्षणासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद झाली. 2024 च्या प्रचारात मी ऐकलेल्या एकाही भाषणात या दोन्हींचा उल्लेख नव्हता. आणि खरं सांगायचं तर, खाली बसलेल्या आमच्यापैकीही कुणी उठून विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या वेळी मी विचारणार आहे. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, तीन प्रश्न कागदावर लिहून देईन. शिष्यवृत्तीबद्दल सभागृहात बोलणार का? तुमचा पक्ष आमच्या विरोधात व्हिप काढेल तेव्हा पक्षाच्या बैठकीत तरी तोंड उघडणार का? आणि पक्ष बदललात, तर आज दिलेल्या शब्दाचं काय? खासदाराने किती प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत भाग घेतला, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. आपली दहावी-बारावीची मुलं ते पाच मिनिटांत काढून देतील. मशिदीबाहेरचा वाद चालू राहू द्या, फक्त पुढच्या वेळी हातात तो कागद असू द्या.